पोथी पाण्यात सोडण्याआधी

महालातल्या एका मैत्रिणीचा परवा फोन आला. "अगं, वाडा पाडायला देतोय. माळ्यावर सासऱ्यांच्या पोथ्यांचं गाठोडं निघालंय. रद्दीत कसं घालू बाई? कन्हानला नेऊन सोडते."

"थांब, मी आलेच," म्हटलं.

घाई उगाच नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही देवाचं म्हणून असंच गाठोडं वैनगंगेत सोडलं होतं. त्यात आजेसासूबाईंच्या हातची भुलाबाईच्या गाण्यांची वहीही गेली. आज ती गाणी घरात कुणालाच येत नाहीत.

गाठोडं सोडलं. लाल कापडात बांधलेल्या तीन पोथ्या. लांबट सुटी पानं, बोरूचं टपोरं अक्षर. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक. आणि खाली विनवणी, की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका! जुन्या पोथ्यांवर ती पुष्कळदा असते. मैत्रीण ओशाळून हसली. "आणि मी पाण्यातच सोडायला निघाले होते गं!"

आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. त्याच्या ग्रंथालयात छापील पुस्तकांबरोबर हस्तलिखित पोथ्यांचाही संग्रह आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? मुलं परीक्षेला तिथं अभ्यासाला बसतात, एवढंच आपलं नातं. याच विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभावांच्या जुन्या पोथ्या ताडून 'लीळाचरित्रा'चं संपादन केलं. १९७८ मध्ये ते छापून आलं. तेराव्या शतकात आपल्या अमरावतीकडच्या रिद्धपूरला महदंबेनं लग्नाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात तिला. बाईनं म्हटलेली लग्नाची गाणी सातशे वर्षं टिकली. कुणीतरी ती उतरवली, कुणीतरी जपली म्हणूनच ना?

तेव्हा मैत्रिणींनो, असं काही निघालं तर आधी ग्रंथपालांना भेटून विचारा. पोथी दिलीत तर पोच मागून घ्या. द्यायची नसेल तर पानापानाचे फोटो तरी काढून ठेवा. चिकटलेली पानं ओढू नका, उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट होतात, धुतलेलं सुती कापडच बरं. आणि पोथ्यांबरोबर आजीची वही, जुनी पत्रं, हळदीकुंकवाच्या मंडळाचं इतिवृत्तही बघा. आपण तेच आधी फेकतो.

सोमवारी आम्ही दोघी ग्रंथालयात चौकशीला जाणार आहोत, दोन पोथ्यांसाठी. तिसरी 'पांडवप्रताप'. ती मैत्रिणीच्या सासूबाईंनी हातातून काढून घेतली. "माझ्यामागं द्या कुठं द्यायची ती," म्हणाल्या, आणि चष्मा लावून वाचायला बसल्या.