काहीच नसलेली खोली

नवी मुंबईच्या सीबीडी बेलापूरमधलं आर्टिस्ट व्हिलेज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात रचलं. त्याची जादू घरांइतकीच घरांमधल्या मोकळ्या जागेत आहे. सात घरांमध्ये मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट जुळले की बारा मीटरचं मोठं अंगण. नाटकवाल्याला ती मोकळी जागा पाहताच तालीम सुचते.

कॉलेजात नाट्यविभाग चालवायचा म्हणजे आधी अशी जागा राखायची. संज्ञापन विभागाला स्टुडिओ हवा, संकलनाचे संगणक हवेत. नाटकाला हवी काहीच नसलेली खोली. जमिनीवर खडूनं किंवा चिकटपट्टीनं रंगमंचाची हद्द आखतात: इथे दार, तिथे जिना. मग मुलं कित्येक दिवस त्या नसलेल्या दारातून ये-जा करतात, नसलेला जिना चढतात. खरं नेपथ्य बहुधा शेवटी येतं, तोवर ते घर त्यांच्या पायांना पाठ झालेलं असतं! माणसाचं शरीर हे करू शकतं, याचं मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं.

अशी रिकामी खोली विभागप्रमुखाला रोज सांभाळावी लागते, कारण बाकीच्या वर्गांचा तिच्यावर डोळा असतो. त्याहून अवघड वेळापत्रक. तास संपल्याची घंटा होते तेव्हा प्रवेश नुकताच रंगू लागलेला असतो.

बरंचसं मराठी नाटक पिढ्यान्‌पिढ्या कचेरी सुटल्यावर, संध्याकाळच्या तालमींत घडलं. नाटककार सतीश आळेकरांचंच पाहा. ‘महानिर्वाण’ १९७४ सालचं, थिएटर अकॅडमीतलं. पोटापाण्याचं काम मात्र पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्राचं. १९९६ साली ते सोडून त्यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची सूत्रं घेतली आणि २००९पर्यंत सांभाळली. संध्याकाळी, हौसेनं शिकलेली गोष्ट आता दिवसाढवळ्या, अभ्यासक्रम आखून शिकवायची होती. मला हे धाडस नाटक लिहिण्याइतकंच मोठं वाटतं. मुंबई विद्यापीठात २००३ साली दिग्दर्शक वामन केंद्रे यांनी अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स उभी केली. बेलापूरच्या मुलांना हार्बरनं कुर्ल्याला उतरून कलिना गाठलं की ती सापडते.

आणि परीक्षा? माध्यमाच्या विद्यार्थ्याचा लघुपट परीक्षक थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहू शकतो. नाटकाची उत्तरपत्रिका लिहिली जाते तशीच पुसली जाते. शिवाय ती एकट्याची नसते. ब्लॅकआऊट क्षणभर लवकर झाला तर नटाचं शेवटचं वाक्य अंधारात बुडतं, उशिरा झाला तर त्यातला ताण सांडतो. म्हणून संवाद म्हणणाऱ्याबरोबरच, मागे अंधारात डिमरवर बोट ठेवून श्वास रोखून बसलेल्या मुलीलाही गुण द्यावे लागतात.