मुंबईची तहान आणि आमरीचे घर

मुंबई, खास प्रतिनिधी

गिरगावातल्या नळाला येणारे पाणी मलबार हिलवरील जलाशयातून येते आणि परळमधील काही भागांना ते गोलंजी टेकडीवरून मिळते. परंतु टेकड्यांवरील हे जलाशय म्हणजे केवळ मधले थांबे होत. विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव वगळता मुंबईचे सारे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील जंगलांच्या दऱ्यांतून येते. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, तर २०१४ मध्ये लोकार्पण झालेले मध्य वैतरणा, अशी ही साखळी आहे. तिच्यात आता गारगाईची भर घालण्याचा महापालिकेचा प्रस्ताव आहे.

वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ गारगाई नदीवर हे धरण प्रस्तावित असून त्यातून शहराला दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळावे, अशी योजना आहे. सहा गावे आणि आठशेहून अधिक हेक्टर जमीन बाधित होणार आहे. त्यातील बरीचशी जमीन तानसा अभयारण्यातील जंगलाची आहे. तोडाव्या लागणाऱ्या झाडांचे आकडे वेळोवेळी बदलत गेले. मात्र ते लाखांच्या घरातच राहिले. चर्चा होते ती याच आकड्याची. झाडाच्या अंगावर जे वाढते, ते या मोजणीत येत नाही.

ठाणे-पालघरच्या पानगळी जंगलांत जुन्या झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर आमरी, म्हणजेच ऑर्किड, वाढते. पावसाच्या तोंडावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबकळू लागले, की तिची एक जात ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखू येते, दुसरी ‘रास्ना’. पुष्कळ जण आमरीला बांडगूळ समजतात. ही तिच्यावर अन्याय करणारी समजूत आहे. बांडगूळ झाडाच्या अंतर्भागात मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. तिची मुळे हवेत लोंबतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पावसाचे पाणी, धुके आणि दव हे आवरण टिपून घेते.

नदीकाठाचे महत्त्व येथेच आहे. मार्च ते मे या काळात वरची टेकडी उघडीबोडकी होते. जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन या ओढ्याकाठच्या झाडांखाली मात्र सावली टिकते आणि हवेत ओल राहते. कोरड्या महिन्यांत ही ओल आमरीला तगवून धरते.

‘धरणानंतर पाणी तर वाढणारच, मग आमरीचे काय बिघडते?’ असा प्रश्न स्वाभाविक आहे. पण जलाशयाचा काठ म्हणजे नदीचा काठ नव्हे. नदीकाठची झाडे दरीच्या तळाशी असतात आणि पाणी सर्वांत आधी तळच बुडवते. नव्या काठावर पाणी पावसाळ्याच्या अखेरीस तुडुंब असते आणि मे महिन्यात खूप खाली उतरते. मधला पट्टा वर्षातील काही महिने पाण्याखाली आणि उरलेले महिने तडे गेलेल्या चिखलाचा. अशा पट्ट्यात जुने जांभूळ उभे राहत नाही. धरणाच्या खालच्या बाजूला अडचण वेगळी असते: पावसाळ्यानंतरचा प्रवाह अडवला गेला, की काठावरची ओल कमी होते.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे पर्यायी वृक्षलागवड. आमरीच्या बाबतीत ते तोकडे पडते. तिचे बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात रोपासाठी अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. अशी बुरशी आणि बी धरून ठेवणारी खरबरीत, भेगाळलेली साल जुन्या झाडांवर असते; एका ओळीत लावलेल्या कोवळ्या रोपांवर ती यायला दशके लागतात. तोडलेल्या झाडांवरील आमरी काढून काथ्याने दुसऱ्या झाडांना बांधता येतात आणि काही जगतातही. पण त्यासाठी कोणत्या झाडावर काय आहे, हे आधी माहीत असावे लागते.

अमेरिकेत या मुद्द्याला कायद्याचे बळ मिळाले. युटा, कोलोरॅडो आदी राज्यांतील ‘यूट लेडीज ट्रेसेस’ या नदीकाठच्या आमरीचा समावेश १९९२ मध्ये धोक्यातील वनस्पतींच्या यादीत झाला. पुराने काठ धुऊन निघतात आणि उघडी, ओली जमीन तयार होते. तेथे ती वाढते. पूर थांबले, की त्या जागेवर झुडपे माजतात. या नोंदीमुळे तेथील केंद्रीय जलप्रकल्पांना तिचा विचार करणे बंधनकारक झाले. शोध वाढला तशी ती पूर्वी वाटले त्याहून अधिक ठिकाणी सापडली. २०२५ मध्ये तिला यादीतून वगळण्याचा प्रस्तावही आला.

शोध घेण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. धोबी तलावावरील सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम हा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. याच महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासह लिहिलेला मुंबई राज्यातील ऑर्किड्सवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत तानसा भरून ७४ वर्षे आणि मोडकसागर भरून नऊ वर्षे झाली होती.

शहराला पाणी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर हंडा वाहून नेणाऱ्या बाईला आमरीचे कौतुक सांगणे सोपे नाही. तरीही एक हिशेब मांडावाच लागेल. जुन्या जलवाहिन्यांतील गळती आणि चोरी यांमुळे मुंबईत रोज वाया जाणाऱ्या पाण्याचे अंदाज सातशे दशलक्ष लिटरच्या आसपास सांगितले जातात. गारगाईतून मिळणाऱ्या पाण्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्पही पर्याय म्हणून मांडला गेला आहे. त्याचा वीजखर्च हा वेगळा वादाचा विषय.

गारगाईचे काम पुढे सरकलेच, तर निदान पाहणीची वेळ तरी नीट निवडली जावी. वर्षाच्या आरंभी झाडे मोजणाऱ्या पथकाला खोडावर दिसेल तो केवळ पानांचा एक झुबका. सीतेची वेणी फुलते ती मे-जूनमध्ये.