जुन्या गाडीच्या लोखंडी भागांचा गंज घरच्या घरी कसा काढावा



गोराई-मनोरीकडे भाजीचा मळा असलेल्या घरापुढे एखादी जुनी जीप नाहीतर टेंपो उभा दिसतोच. काही जीपा तर आपल्या कांदिवलीच्याच कारखान्यात तयार झालेल्या. इंजिन अजून कुरकुरत का होईना चालते. पण चाकाचे नट फिरत नाहीत, जॅक आखडलेला, बंपरवर हात फिरवला तर तांबडा भुगा निघतो. "साहेब, हे सगळं कुर्ल्याच्या भंगारात देऊन टाकू का?" असे पावसाळा सरला की कोणी ना कोणी विचारतेच. एवढी घाई नको. बरेच भाग किराणा दुकानातल्या वस्तूंनी साफ होतात. काही भाग मात्र घरी साफ करूच नयेत. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे, तेवढे तरी वाचल्याशिवाय पत्रक ठेवू नका.

लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज चढतो. आपल्याकडे त्यात मिठाची भर पडते. पश्चिमेला खाडी आणि समुद्र, पूर्वेला भांडुप-मुलुंडची मिठागरे. वाऱ्याबरोबर खार येऊन पत्र्यावर बसतो. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गंज चढणे हे बॅटरीसारखेच विजेचे काम आहे, म्हणून खाऱ्या जागी ते झपाट्याने होते. त्यात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो फुगतो आणि नट जागच्या जागी आवळून धरतो.

तेव्हा आधी नट सोडवू. निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल मिसळून आट्यांवर थेंब थेंब सोडावे व रात्रभर राहू द्यावे. सकाळी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्यावेत. मग पाना लावून नट आधी किंचित आवळावा आणि नंतर सोडवावा. आवळल्याने गंजाची पकड तुटते. नट सुटत नाही म्हणून तेल लावलेल्या जागी शेगडी किंवा दिवा नेऊ नये. चाकाचे नट परत बसवताना आटे कोरडे पुसावेत. तेल राहिले तर नट प्रमाणापेक्षा जास्त आवळला जातो.

सुटा केलेला भाग साबणाच्या पाण्याने धुऊन त्याचे ग्रीस काढावे आणि तारेच्या ब्रशने सुटी खपली पाडावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून ब्रश मारताना भाग ओला ठेवावा, नाकातोंडाला फडके बांधावे आणि पोराबाळांना लांब ठेवावे.

आता भिजवणे. आपल्या आया-आज्या चिंचेने पितळेची भांडी घासत, त्यातलीच ही युक्ती. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, मिळते. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम टाकावे. प्लास्टिकच्या बादलीत भाग पुरता बुडेल एवढे पाणी घ्यावे. अर्धा बाहेर राहिला तर पाण्याच्या रेघेवर लोखंड खाल्ले जाते. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रश मारावा. लहान भाग बहुधा एका दिवसात उघडा पडतो. पांढरे व्हिनेगरही चालते, मात्र वेळ जास्त लागतो. विसरून दोन-चार दिवस ठेवू नये. गंज संपला की आम्ल चांगले लोखंड खायला लागते.

संडास धुण्याचे ॲसिड वापरू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. नवी नोकरी, नवा उत्साह. घरच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर मी त्यात टाकला आणि चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर बादली उकळल्यासारखी फसफसत होती आणि कार्ब्युरेटरची चाळण झालेली. तो लोखंडी नव्हताच, हलक्या धातूचा होता. शिवाय त्या वाफेने खोलीतली विळे-कोयतीही आठवड्यात तांबडी झाली. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा असलेली वस्तू किंवा कार्ब्युरेटर कुठल्याच आम्लात बुडवू नये. लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला नाही तर ती वस्तू बाजूला ठेवावी.

बंपरचा तुकडा, जॅक असे बोजड भाग असतील तर बॅटरी चार्जरने गंज निघतो. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. काळा चिमटा गंजलेल्या भागाला आणि लाल चिमटा लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला लावावा. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना लागू देऊ नयेत. उलटे जोडले तर आपलाच भाग झिजेल! सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्यातून क्लोरीन निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी द्रव्य पाण्यात उतरते. बुडबुड्यांतून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. म्हणून हे काम अंगणात करावे आणि जवळ विडी पेटवू नये. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून चार्जरची पिन काढावी. काही नवे चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्यांच्या नादी लागू नये.

पुष्कळांची मेहनत फुकट जाते ती यानंतर. उघडे लोखंड आपल्या दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होते. आम्लातून काढलेला भाग लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून धुवावा. शेवटचे पाणी गोडे हवे. खाडीलगतच्या बोअरचे मचूळ पाणी ओतलेत तर मीठ परत आलेच म्हणून समजा. लगेच पुसून कडक उन्हात तापवावा आणि हाताला ऊब लागत असतानाच तेल चोळावे. रंग द्यायचा असल्यास तेल न लावता त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारावा. उरलेले गढूळ पाणी भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

आता राहिले न करण्याचे भाग. ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे रॉड, स्प्रिंग, पाटे, बेअरिंग हे आम्लात किंवा चार्जरला लावू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते वरून लखलखीत दिसते आणि भार पडताच काचेसारखे तडकते. टोच्याने खरवडून पाहावे. खोल खड्डे असतील, टोचा आत जात असेल, तर गंज काढून उपयोग नाही, कारण खाली धातूच उरलेला नाही. अशा गाडीत पहाटे भाजीच्या पाट्या आणि वर चार बायामाणसे बसवून तुम्ही बाजाराला निघता. ब्रेकची नळी नवीच घ्यावी, आणि ती मेकॅनिककडून बसवून घेईपर्यंत गाडी अंगणातून हलवू नये.