सफाईचे कंत्राट आणि आजची वेठबिगारी



ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर पूर्वी ‘लग्नगडी’ असत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचे. पैसे कधी फिटत नसत. १९४५ साली परुळेकर पती-पत्नींच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी लढून ही पद्धत मोडली. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने देशभरातली अशी सगळी कर्जे रद्द ठरवली.

आज वेठबिगारी म्हटले की वीटभट्टी किंवा कोळसाभट्टी आठवते. पण मॉल, कंपन्यांची कार्यालये, दवाखाने आणि शाळा यांच्या झाडलोटीतही ती शिरू शकते. या कामाला आता ‘हाउसकीपिंग’ म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी कंत्राटावर दिलेले असते.

हे कसे घडते ते पाहू. पाड्यावर येणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो. दहावीपाशी शाळा सुटलेल्या मुलाला तो शहरात काम देतो आणि घरच्यांच्या हातात थोडी उचल ठेवतो. शहरात गेल्यावर कामाला लावल्याचे कमिशन, गणवेश, खोलीचे भाडे आणि खानावळ असे सगळे पगारातून कापले जाते. आधार कार्ड ‘नोंदणीसाठी’ म्हणून घेतलेले असते. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात असते. शिवाय महिना-दोन महिन्यांचा पगार मागे ठेवलेला असतो. काम सोडले तर तो बुडतो, म्हणून मुलगा थांबतो. थांबला की उचल वाढते.

कमी पगाराचे प्रत्येक काम म्हणजे वेठबिगारी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सरसकट तोच शब्द वापरला तर खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते. मी स्वतः एकच प्रश्न विचारतो : या माणसाला उद्या आपली कागदपत्रे आणि झालेल्या कामाचे पैसे घेऊन निघून जाता येईल का?

सर्वोच्च न्यायालयाने मात्र याहून पुढचे पाऊल टाकले आहे. १९८२ च्या एशियाड स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. मजुरांचे किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे होते, पण ते जमादारांच्या हाती दिले जाई आणि जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून ठेवून घेत. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हे घटनेच्या कलम २३ नुसार सक्तीचे श्रम आहेत. माणूस भुकेपोटी ‘राजीखुशीने’ तयार झाला, तरी तीही सक्तीच. त्या एका रुपयाचे आजचे रूप पाहायचे असेल, तर हाउसकीपिंगवाल्या मुलाची पगाराची पावती मागून पाहा. बहुतेकदा पावतीच नसते.

आता हा विषय आपल्या दारापर्यंत आणतो. मिशनची रुग्णालये, शाळा, वसतिगृहे आणि मोठ्या मंडळ्यांची सभागृहे यांची सफाईही हल्ली कंत्राटदाराकडे असते. कमिटी तीन दरपत्रके मागवते आणि सर्वांत कमी दराचे निवडते. देवाचा पैसा जपून वापरावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे, पण थोडा हिशेब करू. मजुरी १०० रुपये धरली, तर मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी १२ रुपये, राज्य कामगार विम्याचा हप्ता सव्वातीन रुपये आणि किमान बोनस ८.३३ टक्के. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या कंत्राटदाराला हे सारे सहसा लागू असते. म्हणजे साबण, फिनेल, सुट्टीची बदली माणसे, कर आणि त्याचा नफा धरण्याआधीच खर्च सुमारे १२४ रुपये होतो. दरपत्रक याच्या खाली असेल, तर उरलेली रक्कम कोणीतरी भरतेच, आणि ते कंत्राटदार भरत नाही. कंत्राटदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या संस्थेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते आणि नव्या कामगार संहितांतही आहे. ‘ती माणसे आमची नाहीत’ असे म्हणता येत नाही.

सफाईच्या सामानाचीही हीच गोष्ट. तमिळनाडूच्या काही सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना चाले. मुलींनी साधारण तीन वर्षे गिरणीच्या वसतिगृहात राहून काम करायचे आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे घ्यायचे. मध्येच सोडले तर ते पैसे जात. आपला लग्नगडी आधी पैसे घेऊन अडकला, या मुली नंतर मिळणाऱ्या पैशांसाठी अडकल्या. पोछा आणि गणवेश सुताचेच असतात. रबरी हातमोज्यांचे उदाहरण मात्र आशा देणारे आहे. मलेशियाच्या कारखान्यांत नेपाळ-बांगलादेशचे कामगार दलालांना मोठ्या रकमा देऊन आले होते आणि त्या कर्जात बांधले गेले होते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने एका बड्या उत्पादकाच्या दोन कंपन्यांचा माल रोखला. कंपनीने कामगारांना ते पैसे परत केले आणि २०२१ मध्ये बंदी उठली. गिऱ्हाईक अडून बसले की असे होते.

म्हणून कमिटीच्या पुढच्या बैठकीत कंत्राटाच्या फाइलबरोबर मागच्या महिन्याची वेतन नोंदवही आणि निधी भरल्याची चलने मागवावीत. पोटकंत्राटाला मनाई आणि कमिशन कापण्यास बंदी असे कंत्राटात लिहून घ्यावे. आणि सफाई करणाऱ्या माणसाशी सुपरवायझर नसताना, शक्यतो त्याच्या भाषेत बोलावे. वारली किंवा पावरी बोलणारे कोणी ना कोणी आपल्या मंडळीत असते. कागद चोख असूनही एटीएम कार्ड दुसऱ्याकडे असू शकते, ते अशाच बोलण्यातून कळते.

खरेच बांधलेले माणूस सापडले, तर कंत्राटदाराशी परस्पर तडजोड करू नये. त्याने मजुराला रातोरात दुसरीकडे हलवले की पुरावा संपतो. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत १५१०० या क्रमांकावर मिळते. मजूर आदिवासी असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो, हे अर्जात नमूद करावे. चौकशीनंतर मुक्तीचा दाखला मागून घ्यावा. तातडीची मदत आणि पुनर्वसनाचे पैसे (पुरुषाला एक लाख, स्त्रियांना व मुलांना दोन लाख) त्यावरच अवलंबून असतात. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने उशिरा येते. तोपर्यंत त्या कुटुंबाला धान्य, मुलांची शाळा आणि तारखांना जाण्याचे एसटीचे भाडे लागते. पाड्यावर परतलेल्या माणसाला ते मिळाले नाही, तर तोच दलाल पुढच्या दिवाळीनंतर नवी उचल घेऊन येतो.