तालुका निफाड, मतदारसंघ येवला

लासलगाव निफाड तालुक्यात आहे. सातबारा निफाडचा, तहसील निफाडची. पण विधानसभेचं मत? ते येवल्याला! २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेनुसार निफाड तालुक्यातली लासलगाव आणि देवगाव ही दोन महसूल मंडळं ११९ क्रमांकाच्या येवला मतदारसंघात येतात. निफाड मतदारसंघ वेगळा, क्रमांक १२१. आणि लोकसभेला हेच गाव दिंडोरीत!

म्हणून मतदानाच्या तयारीची सुरुवात मतदार यादीपासून. ओळखपत्र खिशात आहे म्हणून मत देता येत नाही. नाव यादीत लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर नाव शोधा. यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला आपला अनुक्रमांक लिहून ठेवा. नाव नसेल तर नमुना ६ भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की निवडणूक होईपर्यंत यादीत नवं नाव चढत नाही, त्यामुळे अर्ज त्याच्या बराच आधी जायला हवा. यादीत नाव असलं आणि मतदार ओळखपत्र हरवलं असलं, तर आधार, पॅन, वाहन परवाना किंवा फोटो असलेलं बँक पासबुक चालतं. घरपोच आलेली मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा ठरत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा लाल कांद्याचा हंगाम सुरू होता. अशा दिवसांत खळ्यावर निवडणाऱ्या बाईला आणि गोण्या भरणाऱ्या हमालाला माहीत असावं, की मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो रोजंदारीवाल्यालाही आहे.

आता केंद्राच्या आत. सातला मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी तिथे चाचणी मतदान झालेलं असतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकतात, ती यंत्रातून निघालेल्या कागदी चिठ्ठ्यांशी ताडून पाहतात, मग सगळी पुसून यंत्र शून्यावर आणतात. आपलं मत पडण्याआधी पन्नास मतं येऊन गेलेली असतात! हे यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे भारनियमनाची भीती नाही.

डाव्या तर्जनीला लागणारी शाई १९६२पासून म्हैसूरच्या एका कारखान्यातून येते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या क्षारांशी त्याचा संयोग होतो आणि उजेड लागला की डाग काळा पडत जातो. साबणाने तो निघत नाही. नख वाढून झिजेपर्यंत टिकतो.

बटण दाबल्यावर लगेच वळू नका. शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते. कांद्याचा लिलाव झाल्यावर वजनाची काटापट्टी वाचतो, तितक्याच बारकाईने ती वाचा. नाव वेगळं दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी तक्रारीवर सगळ्यांसमोर पुन्हा चाचणी मत घेण्याची तरतूद आहे. तक्रार खोटी ठरली तर शिक्षाही आहे.

मला सर्वांत थक्क करते ती संध्याकाळची रीत. सहा वाजले की रांगेतल्या प्रत्येकाला सहीची, क्रमांकाची चिठ्ठी देतात. पण वाटप सुरू होतं रांगेच्या शेपटापासून. पहिला क्रमांक सर्वांत शेवटी उभ्या असलेल्याला! त्यामुळे सहानंतर मागे कुणी घुसू शकत नाही आणि सहाच्या आत आलेल्या एकालाही परत पाठवता येत नाही. त्यासाठी केंद्र रात्रीपर्यंत उघडं राहतं.

सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाचाही एवढा विचार या व्यवस्थेने करून ठेवला आहे. आपल्याकडून तिला एकच हवं: यादीत नाव. ते आहे का, हे पाहायला निवडणूक जाहीर होण्याची वाट कशाला पाहायची? आजच बघा, आणि मतदारसंघ विचारला तर येवला सांगा.