नाण्याएवढं कासव

मत्स्यालयाच्या दुकानात, प्लास्टिकच्या डब्यातल्या रंगीत खड्यांवर धडपडत चढणारं हिरवं पिल्लू मुलांना फार आवडतं. डोळ्यामागे लाल पट्टा, पोटाला पिवळ्यावर काळे ठिपके. हे रेड-इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानदार सहसा सांगत नाही, पण ते वाढून फूटभर होऊ शकतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. त्याला पोहायला खोल पाणी हवं, अंग सुकवायला दगड आणि रोजचं ऊन हवं. ऊन मिळालं नाही की कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. डब्यात हे हाल ठरलेलेच. अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्याकडे मात्र कंटाळलेले मालक ते जवळच्या तळ्यात सोडतात, वर सुटका केल्याचं समाधान मानतात. तिथे ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

कृपा करून हे पिल्लू विकत घेऊ नका. घरात असेलच, तर तळ्यात न सोडता वनविभागाला किंवा जवळच्या प्राणिबचाव संस्थेला कळवा.