रुग्णालयातून घरी: परतीचा प्रवास ठरवून करावा

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याचे वालूर हे जुन्या बारवांचे गाव. बारवेच्या पायऱ्या उतरताना धडधाकट माणसाला पायरीची उंची कधी जाणवत नाही. परंतु गुडघ्याची अथवा पोटाची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा जिनाही परका वाटू लागतो. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही आपल्या व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रवासात बहुधा तो शेवटचा जिनाच सर्वांत अवघड ठरतो आणि त्याचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वालूरच्या रुग्णाला परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. डॉक्टर कोणते, खर्च किती, सोबत कोण राहणार, यांवर घरात चार-चार दिवस चर्चा होते. परत कसे यायचे, हे मात्र डिस्चार्ज कार्ड हाती पडल्यावर रुग्णालयाच्या व्हरांड्यात फोनवर ठरते. मग जे वाहन मोकळे असेल ते येते आणि टाके ओले असलेला माणूस सामानासोबत मागच्या आसनावर अवघडून बसतो. वास्तविक परतीची आखणी शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी व्हावयास हवी.

पहिला प्रश्न वेळेचा. सकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली तरी देयक आणि विमा कंपनीची मंजुरी यांत सायंकाळ होते, हा अनेकांचा अनुभव आहे. विमा नियामक प्राधिकरणाने मे 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, रोखरहित उपचारांत रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी आणि विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केल्यास ती कंपनीने सोसावी. म्हणून कागदपत्रांची पूर्तता आदल्या दिवशीच करून ठेवावी. सायंकाळ होणारच असेल, तर रात्रीच्या रस्त्यापेक्षा एक मुक्काम वाढवणे श्रेयस्कर.

आपल्या घरांत आणखी एक बाब असते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाच्या औषधांच्या वेळा सूर्यास्तानंतरच्या असतील, तर तो संकोचाने काही बोलत नाही आणि गोळी चुकते. हा नियम डॉक्टरांना आधीच सांगावा. काही औषधांच्या वेळा बदलता येतात, काहींच्या येत नाहीत. कोणती कोणत्या प्रकारची, हे घरच्यांनी ठरवू नये.

दुसरा प्रश्न वाहनाचा. संभाजीनगर किंवा जालन्याहून रेल्वेने सेलूपर्यंत येता येते. परंतु फलाटावरची चाल, डब्याच्या उंच पायऱ्या आणि सेलूहून पुढचा रस्ता हे सारे हिशेबात धरावे लागते. बहुतेकांना मोटारच सोयीची. रुग्णाला पुढच्या आसनावर बसवावे. आसन मागे सरकवून पाठ किंचित कलती करावी. आधी आसनावर टेकावे, नंतर दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी ठेंगण्या आसनावर बसू नये. घट्ट उशी ठेवून आसन उंच करावे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही आसनपट्टा टाळू नये. पट्ट्याचा खालचा भाग पोटाखाली, कमरेच्या हाडांवरून घ्यावा आणि पट्टा व पोट यांमध्ये मऊ उशी ठेवावी. खोकला आला, तर तीच उशी पोटाशी दाबून धरावी. लघवीची पिशवी असल्यास ती नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील, हे पाहावे.

डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास द्यावी. पाय दीर्घकाळ एकाच स्थितीत लोंबत राहिल्यास शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणून दर तासाभराने थांबावे, परवानगी असल्यास चार पावले चालावे, आणि बसल्या जागी घोटे वर-खाली करीत राहावे. पोहोचण्याची घाई चालकाला मुळीच नसावी.

तिसरा प्रश्न खर्चाचा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया झाली असल्यास, घरी परतण्याचे राज्य परिवहन बसचे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे भाडे ठरलेल्या पॅकेजमध्येच धरलेले असते. हे अनेकांना ठाऊक नसते. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारणा करावी. शासकीय रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेला, सिझेरियन असले तरी, 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार घरी विनामूल्य सोडण्याची तरतूद आहे. 108 ची सेवा मात्र तातडीच्या प्रसंगासाठी आहे. तिच्यावर परतीची भिस्त ठेवू नये. खासगी विमा असल्यास घरी आल्यानंतरची बिलेही जपावीत. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतर 60 दिवसांपर्यंतचा संबंधित वैद्यकीय खर्च मिळू शकतो. दुकानाची पावती न पावती जपणारे आपण औषधाची पावती मात्र टाकून देतो!

आता पुन्हा त्या जिन्याकडे. शक्य असेल तर पहिले काही दिवस रुग्णाची खाट तळमजल्यावर आणावी; गोदामाची एखादी खोली रिकामी करावी लागली तरी चालेल. खाट गुडघ्याइतकी उंच असावी, शौचालयात खुर्चीची सोय आणि धरायला आधार असावा, वाटेतील सतरंज्या उचलून ठेवाव्यात, रात्री दिवा तेवत असावा. जिना चढणे अपरिहार्यच असेल, तर चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टकडून याचा सराव निघण्यापूर्वीच करून घ्यावा.

घरी आल्यावर ताप येणे, जखमेतून स्राव वाढणे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करावा.

राहता राहिले भेटीस येणारे आप्त. गावात बातमी पसरते आणि खाटेभोवती बैठक भरते. संकोची रुग्ण उठून बसतो, बोलत राहतो, थकतो. दुकानातील उधारी-वसुलीचे प्रश्नही त्याच खाटेशी येतात. पहिला आठवडा दोन्हींना मज्जाव असावा आणि तसे सांगण्याचे काम घरातील एका खंबीर व्यक्तीने पत्करावे.

आपल्या परंपरेने वैयावृत्त्याला आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. रुग्णसेवा म्हणजे केवळ रुग्णालयात रात्र जागवणे नव्हे. वाहनात ठेवलेली एक उशी, वाटेत घेतलेला एक थांबा, तळमजल्यावर आणलेली खाट, हीदेखील सेवाच. शस्त्रक्रिया डॉक्टर यशस्वी करतात. रुग्णाला सुखरूप उंबरठ्याच्या आत आणण्याचे काम कुटुंबाचेच असते.